औषधाआधीं परीक्षा

पिकांवरील तांबेरा, भुरी, करपा आणि काणी यांचीं नांवें ज्यास ठाऊक नाहींत असा शेतकरी विरळा. हे सर्व रोग बुरशीचे, आणि बुरशी ही शेतकऱ्याची जुनी वैरीण, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. परंतु त्याच कुळांतील कांहीं बुरशी मनुष्याच्या कातडींत, डोळ्यांत व फुफ्फुसांतहि घर करितात, आणि त्यांपैकीं कित्येक शेतांतील माती, पालापाचोळा व खताचे ढीग यांतूनच मनुष्याकडे येतात, या गोष्टीकडे जितकें लक्ष जावें तितकें जात नाहीं. पिकावर डाग दिसले कीं दुकानांत मिळेल तें औषध फवारावें, आणि मांडीवर नायटा उठला कीं दुकानांतच मिळेल तें मलम चोळावें, अशी रीत गांवोगांव पडली आहे. अमक्या बुरशीवर अमकें औषध चालतें कीं नाहीं, हें पारखून पाहण्याची शास्त्रशुद्ध पद्धति आज उपलब्ध आहे. ती कशी, तिच्या मर्यादा कोणत्या, आणि शेतकऱ्याचा तिच्याशीं संबंध कोठें येतो, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

बुरशीवर औषधें थोडीं कां

ज्वारीच्या पिकांत रुंद पानांचें तण औषधानें मारणें त्या मानानें सोपें. परंतु गवतवर्गी तण मारणें अवघड, कारण ज्वारी स्वतः गवताच्याच कुळांतील आहे. तणाला मारील तें पिकालाहि मारील, ही अडचण. मनुष्याच्या शरीरांतील बुरशीचें असेंच आहे. साधे रोगजंतु आणि मनुष्याची पेशी यांच्या रचनेंत फार अंतर आहे, म्हणून जंतूंवर पुष्कळ औषधें सांपडलीं. बुरशीची पेशी मात्र बऱ्याच बाबतींत आपल्या पेशीसारखी असते. तिला मारणारें विष बहुधा रोग्यासहि बाधतें.

एक ठळक फरक मात्र आहे. आपल्या पेशीच्या वेष्टनांत कोलेस्टेरॉल नांवाचा स्निग्ध पदार्थ असतो, तर बुरशीच्या वेष्टनांत त्याचे जागीं एर्गोस्टेरॉल असतो. बुरशीवरील बहुतेक औषधें याच फरकाचा फायदा घेतात. निस्टॅटिन, नॅटामायसिन व अँफोटेरिसिन हीं औषधें त्या एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतात. ज्या औषधांच्या नांवांचा शेवट ‘कोनॅझोल’ असा होतो, तीं तो पदार्थ तयारच होऊं देत नाहींत. नायट्यावरील टर्बिनाफिन हेंहि त्याच कामांत, परंतु आधींच्या एका पायरीवर, आडकाठी घालतें. भात्यांत बाण इतके थोडे असल्यामुळें एकहि बाण बोथट होऊं देणें आपणांस परवडणारें नाहीं.

शेतांतील मातींतून निघालेलें औषध

पारखण्याचें हें काम प्रथम कोणत्या चिकाटीनें झालें, याची हकीकत मनोरंजक आहे. अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानच्या आरोग्य खात्यांत एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन या दोन विदुषी काम करीत होत्या. हेझनबाई न्यूयॉर्क शहरांत, तर ब्राउनबाई आल्बनी येथें. हेझनबाई ठिकठिकाणची माती आणून तींतील सूक्ष्म जीव वाढवीत, आणि त्यांच्या स्रावानें मनुष्यास रोग करणाऱ्या दोन बुरशी मरतात कीं काय, हें कांचेच्या भांड्यांत पाहत. स्राव गुणकारी दिसला कीं तो बरणींत घालून टपालानें आल्बनीस धाडावयाचा. तेथें ब्राउनबाई त्यांतील नेमका गुणकारी अंश निराळा काढीत व परत पाठवीत. मग हेझनबाई त्याची बुरशीवर पुन्हां परीक्षा करीत, आणि तो जनावरांस विषारी आहे कीं काय, हेंहि पाहत. बुरशीस मारणारे पदार्थ त्यांस मिळाले, परंतु बहुतेक सर्व जनावरांसहि मारक ठरले.

अखेर व्हर्जिनिया प्रांतांतील एका ओळखीच्या गृहस्थाच्या दुग्धशाळेच्या शेतांतून हेझनबाईंनीं आणलेल्या मातींत हवा तो जीव सांपडला. त्यापासून झालेलें औषध १९५० मध्यें जाहीर झालें, व न्यूयॉर्क संस्थानच्या नांवावरून त्यास निस्टॅटिन असें नांव मिळालें. या शोधाच्या हक्कापोटीं सुमारें १ कोटि ३० लक्ष डॉलर जमा झाले; त्यांतील एक डॉलरहि स्वतःस न घेतां दोघींनीं ती सर्व रक्कम शास्त्रीय संशोधनास लावून दिली. डोळ्यांतील बुरशीवर आज जें नॅटामायसिन घालतात, तेंहि १९५५ मध्यें दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ प्रांताच्या मातींतील जीवापासूनच मिळालें. ज्या मातींत रोग, त्याच मातींत औषध; परंतु तें ओळखण्यास परीक्षा करणारा पाहिजे.

प्रथम ओळख, मग पारख

परीक्षेच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली, रोग खरोखर बुरशीचा आहे काय, व असल्यास बुरशी कोणती, हें ओळखण्याची. डॉक्टर रोगाच्या जागेवरील किंचित् खरवड घेतात. ती कांचेच्या पट्टीवर ठेवून तीव्र क्षाराचा एक थेंब घातला म्हणजे इतर घाण विरघळते, आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं बुरशीचे धागे स्पष्ट दिसतात. या कामास फार वेळ लागत नाहीं व खर्चहि थोडा येतो. उरलेली खरवड पोषक पदार्थावर लावून बुरशी वाढवितात. तिला कांहीं दिवसांपासून दोनतीन आठवड्यांपर्यंत काळ लागतो.

नुसती ओळखहि किती महत्त्वाची, हें महाराष्ट्रानें २०२१ मध्यें अनुभविलें. कोविडच्या दुसऱ्या लाटेंत ज्या रोगास लोक ‘काळी बुरशी’ म्हणूं लागले, तो म्यूकर वर्गांतील बुरशीचा. फुफ्फुसांतील अ‍ॅस्परजिलस बुरशीवर व्होरिकोनॅझोल हें मुख्य औषध आहे; म्यूकरवर मात्र तें मुळींच चालत नाहीं, तेथें अँफोटेरिसिन लागतें. दोन्ही बुरशीच, दोन्ही नाकातोंडावाटे शिरणाऱ्या. परंतु एकीचें औषध दुसरीस दिलें तर रोग्याचे मोलाचे दिवस फुकट जातात.

खळग्यांच्या ताटलींतील परीक्षा

दुसरी पायरी औषधाच्या पारखेची. पेरणीपूर्वीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून त्यांपैकीं किती उगवले, हें आपण मोजतों. प्रयोगशाळेंतील ही परीक्षा त्याच धर्तीची आहे. फरक इतकाच कीं आपण उगवण व्हावी म्हणून पाहतों, आणि तेथें ती कोठें बंद पडते, हें पाहतात.

यासाठीं प्लास्टिकची एक लहान ताटली घेतात. तींत बारा बारा खळग्यांच्या आठ ओळी, मिळून ९६ खळगे असतात. पोषक द्रव सर्व खळग्यांत घालतात. पहिल्या खळग्यांत औषध समजा एका मिलिलिटरास १६ मायक्रोग्रॅम, दुसऱ्यांत त्याच्या निम्में म्हणजे ८, तिसऱ्यांत ४, असें निम्में निम्में करीत दहाव्या खळग्यांत तें ०.०३ पर्यंत येतें. अकराव्यांत औषध नसतें, कारण बुरशी मुळांत जिवंत आहे हें दिसलें पाहिजे. बाराव्यांत बुरशीच घालीत नाहींत, कारण द्रव निर्मळ आहे हेंहि दिसलें पाहिजे. मग रोग्याच्या बुरशीचें मोजून तयार केलेलें पाणी उरलेल्या खळग्यांत सारख्या प्रमाणांत घालतात, व ताटली ३५ अंश उष्णतेंत ठेवितात. खमिराच्या जातीची बुरशी २४ तासांत, अ‍ॅस्परजिलससारखी सुमारें ४८ तासांत, आणि नायट्याची चारएक दिवसांत वाचण्याजोगी होते. ज्या सर्वांत कमी प्रमाणाच्या खळग्यांत वाढ थांबलेली दिसते, तो आंकडा त्या औषधाचा त्या बुरशीवरील अंक होय. अंक लहान, तर औषध तीव्र. अंक मोठा, तर बुरशी दांडगी.

येथें एक शंका कोणी काढील. एका प्रयोगशाळेनें अंक २ सांगितला व दुसरीनें ८, तर खरा कोणाचा? जमीन मोजणाराची साखळी ३३ फुटांचीच असली पाहिजे, कारण ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागेचा एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर, असा हिशेब बसलेला आहे. साखळी ताणली किंवा एक कडी कमी पडली कीं बांधावरचा तंटा उभा राहिलाच. बुरशीच्या परीक्षेंतहि पूर्वीं अशीच आपापली साखळी चाले. बुरशीचें प्रमाण, द्रव, उष्णता व वेळ यांपैकीं एकहि गोष्ट बदलली तर अंक बदलतो. म्हणून अमेरिकेंतील प्रमाणें ठरविणाऱ्या मंडळानें १९९७ मध्यें खमिराच्या जातींसाठीं व २००२ मध्यें धाग्यांच्या बुरशींसाठीं एकच रीत मुक्रर केली. युरोपानेंहि आपली रीत बसविली आहे. ज्या प्रयोगशाळेची साखळी या मापास लागलेली आहे, तिच्याच अंकावर भरंवसा ठेवावा.

परीक्षेच्या मर्यादा

परीक्षा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हेंहि तितकेंच स्पष्ट सांगितलें पाहिजे. वैद्यकांत एक ढोबळ अडाखा आहे : ज्या औषधास ‘चालतें’ असा निकाल मिळाला, त्यानें शंभरांपैकीं सुमारें नव्वद रोग्यांस गुण येतो, आणि ‘चालत नाहीं’ असा निकाल मिळाला, तरीहि साठेकांस येतो. याचें कारण असें कीं ताटलींत रोग्याची स्वतःची प्रतिकारशक्ति नसते, आणि औषध रोगाच्या जागेपर्यंत पोंचतें कीं नाहीं, हेंहि ताटली सांगूं शकत नाहीं. शिवाय ‘चालतें’ व ‘चालत नाहीं’ यांमधील सीमारेषा पुष्कळ बुरशींसाठीं अद्याप आंखली गेलेली नाहीं. तेथें अंक पाहून डॉक्टरांसच तर्क करावा लागतो.

याचें उत्तम उदाहरण शेतकऱ्यांच्या डोळ्यांचेंच आहे. भाताचें पातें, उसाचें पान किंवा मळणींतील कूस डोळ्यास लागून बुबुळावर ओरखडा उठतो, व त्यांतून बुरशी आंत शिरून क्षत पडतें. आपल्या देशांत अशा क्षतांत फ्युझॅरिअम व अ‍ॅस्परजिलस या दोन बुरशी विशेष आढळतात. पहिली, तूर व हरभरा यांवर मर रोग आणणाऱ्या बुरशीच्याच वर्गांतील. दुसरींतील एक जाति भुईमुगाच्या शेंगांवर हिरवट पिवळी वाढते तीच. या क्षतांवर नॅटामायसिन हें जुनें औषध होतें. परंतु तें बुबुळांत खोलवर मुरत नाहीं, अशी तक्रार होती. व्होरिकोनॅझोल नवें व खोल मुरणारें, म्हणून तें सरस ठरेल, असें पुष्कळांस वाटे. तेव्हां मदुराई वगैरे ठिकाणच्या अरविंद नेत्र रुग्णालयांत २०१० व २०११ या सालीं ३२३ रोग्यांस चिठ्ठीप्रमाणें एक किंवा दुसरें औषध देऊन पाहण्यांत आलें. निकाल २०१३ मध्यें प्रसिद्ध झाला. जुनें नॅटामायसिनच सरस ठरलें, आणि तें मुख्यत्वें फ्युझॅरिअमच्या रोग्यांत. व्होरिकोनॅझोल घेणारांपैकीं अधिक जणांच्या बुबुळास भोंक पडलें. फ्युझॅरिअम सोडून इतर बुरशींत दोन्ही औषधांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. पुढें त्याच रोग्यांच्या बुरशींचे अंक ताडून पाहतां, नॅटामायसिनचा अंक जेथें मोठा होता तेथें डोळ्यावरील डागहि मोठा राहिला, असें आढळलें. म्हणजे ताटलीनें दिलेली सूचना खरी होती. परंतु कोणतें औषध आधीं घालावें याचा निर्णय रोग्यांवरील प्रयोगानेंच लागला. दोन्ही मिळून ज्ञान पुरें होतें.

नायट्याचें बदललेलें रूप

गेल्या दहाबारा वर्षांत नायटा व गजकर्ण हे पूर्वींसारखे सुखासुखीं बरे होत नाहींत, ही तक्रार घरोघरीं ऐकूं येते. ती खोटी नाहीं. भारत व नेपाळ येथील रोग्यांत सांपडलेल्या एका बुरशीस जपानी शास्त्रज्ञांनीं २०२० मध्यें ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असें नांव दिलें. त्या नांवांत आपल्या देशाचें नांव आहे, ही भूषणाची गोष्ट नव्हे. तिच्यावर टर्बिनाफिन हें हुकमी औषध पुष्कळदां चालत नाहीं, हें याच परीक्षेनें उघड झालें. २०२३ मध्यें तिचे रोगी न्यूयॉर्क येथेंहि नोंदले गेले. दुकानांत मिळणाऱ्या मिश्र मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतें. त्यानें खाज ताबडतोब थांबते, म्हणून मलम चांगलें असें मनुष्यास वाटतें. परंतु कातडीची प्रतिकारशक्ति दबून बुरशी आंतल्या आंत पसरते, आणि अर्धवट औषधाच्या सहवासांत दांडगी जाति तेवढी शिल्लक राहते. एका घरांत एकास झालेला नायटा सर्वांस होतो, व औषधावर होणारा खर्च वर्षभर संपत नाहीं.

फवाऱ्याचा संबंध

आतां सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळूं. टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल हीं नांवें द्राक्षें, भात, गहूं किंवा मिरची पिकविणाऱ्या वाचकांच्या तोंडपाठ असतील. रोग्यांस देतात तीं औषधें म्हणजे फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल. नांवांचा शेवट एकच आहे, आणि तो योगायोग नव्हे. दोन्ही एकाच घराण्यांतील असून बुरशीच्या एकाच मर्मावर घाव घालतात. शेतांत ज्या बुरशीनें पहिल्यास दाद न देण्यास शिकून घेतलें, ती दुसऱ्यासहि दाद देत नाहीं.

हा नुसता तर्क नाहीं. हॉलंड देशांत १९९८ पासूनच्या रोग्यांतून अशी अ‍ॅस्परजिलस बुरशी मिळूं लागली कीं जिच्यावर ‘कोनॅझोल’ औषधें चालेनात. यांतील कित्येक रोग्यांनीं तीं औषधें पूर्वीं कधीं घेतलींहि नव्हतीं. मग बुरशी शिकली कोठें? शोध घेतां तीच खूण असलेली बुरशी बाहेरच्या मातींत व कुजणाऱ्या पाल्यांत सांपडली. त्या देशांत ट्यूलिप वगैरे फुलांचे कंद लावणीपूर्वीं बुरशीनाशकाच्या पाण्यांत बुडवितात, आणि अशा कंदांचा टाकाऊ पाला ढीग घालून कुजवितात. त्या ऊबदार ढिगांत औषधाचा अंश व बुरशी दोन्ही एकत्र नांदतात. अशा दांडग्या बुरशीनें फुफ्फुसें धरलेल्या रोग्यांत मृत्यूचें प्रमाण अधिक आढळलें. आपल्या देशांतहि दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञांनीं २०१२ मध्यें तीच खूण रोग्यांत व बाहेरच्या नमुन्यांत दाखवून दिली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ मध्यें १९ घातक बुरशींची यादी केली, तींत ही अ‍ॅस्परजिलस पहिल्या, म्हणजे अतिगंभीर, वर्गांत आहे.

यावरून फवारा बंद करा, असें आमचें म्हणणें नाहीं. भुरीनें द्राक्षबाग बुडाली तर कर्ज कोणी माफ करीत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु एकच ‘कोनॅझोल’ हंगामांत वरचेवर मारल्यानें तें भुरीवरहि चालेनासें होतें, आणि रुग्णालयांतहि निकामी होण्याचें भय वाढतें. नुकसान दुहेरी आहे, तर सावधगिरीचा फायदाहि दुहेरीच होईल.

वाचकांस सूचना

१. शेतांत डोळ्यास कांहीं लागल्यास डोळा चोळूं नये. स्वच्छ पाण्यानें धुवावा, आणि त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें. काय लागलें तें नेमकें सांगावें. मध, तूप, दूध, पाल्याचा रस अथवा घरांत उरलेले थेंब घालूं नयेत. स्टेरॉइडचे थेंब तर डॉक्टरांच्या हुकुमाशिवाय कदापि घालूं नयेत. बुरशीच्या क्षतांत त्यांनीं डोळा जाऊं शकतो.

२. क्षत पडलें असल्यास ‘खरवड तपासली काय?’ असें डॉक्टरांस आदरपूर्वक विचारण्यास संकोच करूं नये. नॅटामायसिनचे थेंब कित्येक आठवडे, सांगितलेल्या वेळीं, घालावे लागतात. थोडा उतार पडतांच सोडूं नयेत.

३. प्रत्येक नायट्यास ताटलीची परीक्षा लागत नाहीं. परंतु सांगितल्याप्रमाणें औषध करूनहि गुण न आल्यास दुकान न बदलतां त्वचारोगाच्या डॉक्टरांकडून खरवड तपासून घ्यावी. पंचा व कपडे निराळे ठेवावे, आणि घरांतील सर्व रोग्यांनीं एकाच वेळीं औषध करावें.

४. पिकावरील डाग पाहून अंदाजानें फवारणी करूं नये. रोगट पानें कृषि विज्ञान केंद्रास किंवा कृषि विद्यापीठास दाखवावीं. ‘कोनॅझोल’ वर्गाचें औषध लागोपाठ न मारतां पाळीपाळीनें वर्ग बदलावा. भुरीवर गंधक व करप्यावर बोर्डो मिश्रण हे जुने उपाय बुरशीच्या अनेक मर्मांवर एकदम घाव घालतात, म्हणून तिला ते पचविणें कठीण जातें. जेथें शिफारस असेल तेथें त्यांस प्रथम मान द्यावा. मात्रा लेबलावरील असेल तीच ठेवावी, कमी नाहीं व जास्त नाहीं.

५. फवारलेल्या पिकाचा पाला कुजविलेल्या ढिगाची उलथापालथ करतांना नाकातोंडास फडकें घट्ट बांधावें, किंवा चांगला मुखपट्टा वापरावा. दमेकरी व क्षयांतून उठलेल्या माणसांस या कामावर लावूं नये.

औषध हा गांवच्या पाझरतलावासारखा सामाईक ठेवा आहे. कोणी एकानें तो रात्रंदिवस उपसला तर तळ सर्वांचाच उघडा पडतो. बियाणें पारखल्याशिवाय पेरूं नये, जमीन मोजल्याशिवाय घेऊं नये, हें आपल्या वाडवडिलांनीं आपणांस शिकविलें. त्याच्याच जोडीला बुरशी ओळखल्याशिवाय औषध घालूं नये, हा तिसरा नियम आमच्या शेतकरी बंधूंनीं घरांत व शेतांत पाळावा, अशी आमची त्यांस विनंति आहे.